आधी खाटेवर आडवं होऊन पाहा

वडिलांचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं, पुढे थोडी गुंतागुंत झाली आणि मुक्काम आठ दिवसांवर गेला. त्यांच्या खाटेसमोर औषध कंपनीनं भेट दिलेला एक तक्ता टांगलेला होता. मधोमध चिरलेलं मूत्रपिंड, लाल-निळ्या नळ्या आणि खाली बारीक इंग्रजी अक्षरं. चौथ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "यातली माझी कुठली नळी तुंबलीय रे?"

मी चित्रकलेचा शिक्षक. विद्यार्थ्यांना घेऊन दोन-तीन दवाखान्यांच्या भिंतीही रंगवल्या आहेत. त्या रात्री शेजारची खाट रिकामी होती, तिच्यावर पाठ टेकली आणि जरा ओशाळलो. वरचा पंखा, डोळ्यांत घुसणारी ट्यूबलाइट, छताला आलेली ओल आणि समोर त्या तक्त्याचा खालचा अर्धा भाग, एवढंच दिसत होतं. आम्ही रंगवलेल्या भिंती आम्ही उभ्यानं पाहिल्या होत्या आणि फोटोही उभ्यानंच काढले होते. पेशंटला त्यातलं काय दिसत असेल, हे कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

हा लेख छोट्या दवाखान्याचे डॉक्टर, वॉर्डातल्या सिस्टर, आशाताई, अंगणवाडी सेविका, शाळेतले कलाशिक्षक आणि "यंदा गणपतीच्या वर्गणीतून रुग्णालयाची भिंत रंगवू" म्हणणारी मंडळं यांच्यासाठी आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या नातेवाइकांनाही यातलं बरंच करता येईल. सांगायचं मुख्य सूत्र एकच आहे: चित्र काढण्याआधी ते पाहणाऱ्याच्या जागी जाऊन या.

चित्रानं फरक पडतो का?

रॉजर उलरिच या संशोधकानं १९८४ साली एक छोटा पण पुढे फार गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या १९७२ ते १९८१ या काळातल्या नोंदी त्यानं तपासल्या. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. वय, लिंग वगैरे जुळवून त्यानं २३ जोड्या लावल्या. झाडं दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. एवढ्या लहान अभ्यासावरून छातीठोक दावे करू नयेत, पण खाटेवरून काय दिसतं हा प्रश्न त्यानं वैद्यकाच्या टेबलावर आणून ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली कला आणि आरोग्य यांवरच्या तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला. आजार टाळण्यात, तो सांभाळण्यात आणि उपचारांतही कलेची मदत होते, असं त्यात दिसलं. मात्र मदत म्हणजे औषधाला पर्याय नव्हे, ही खूणगाठ सुरुवातीलाच बांधलेली बरी.

भिंत रंगवण्याआधी

पहिलं काम ब्रशचं नाही. सिस्टरना विचारून रिकाम्या खाटेवर पडा. मग व्हीलचेअरवर बसा, मग ओपीडीच्या बाकड्यावर. प्रत्येक ठिकाणाहून मोबाइलवर फोटो काढा. चित्राची जागा ते फोटो ठरवतील.

पडून राहणाऱ्या माणसाची भिंत म्हणजे छत. फिनलंडमध्ये पाइमिओ इथं आल्व्हार आल्टो या वास्तुशिल्पज्ञानं क्षयरोग्यांसाठी रुग्णालय बांधलं, ते १९३३ साली सुरू झालं. रुग्ण दिवसचे दिवस उताणे पडून असणार, म्हणून खोल्यांची छतं त्यानं पांढरीफेक न ठेवता गडद हिरवट रंगवली. आपल्याला एवढं जमलं नाही तरी सोनोग्राफीच्या टेबलावर, ड्रेसिंगच्या खोलीत किंवा दातांच्या खुर्चीवर बरोबर डोळ्यांच्या वर एक चित्र लावता येतं. खर्च थोडा आणि गुण मोठा.

वॉर्डात चित्र शक्यतो पायथ्याच्या भिंतीवर हवं, उशामागे नको. उभ्या माणसाच्या नजरेपेक्षा हात-दीड हात खाली घ्या. चकचकीत लॅमिनेशन टाळा, कारण ट्यूबलाइटची तिरीप पडली की चित्र दिसत नाही, नुसता उजेड दिसतो. काचेच्या फ्रेमऐवजी अ‍ॅक्रिलिकची शीट वापरा आणि फ्रेम दोऱ्यानं टांगण्याऐवजी दोन्ही बाजूंनी स्क्रूनं पक्की करा. मनोरुग्णांच्या वॉर्डात काच, दोरा, खिळा यांतलं काहीच नको.

कोकणात आणि जुन्या इमारतींमध्ये आधी ओल तपासा. ओलीवर रंगवलेलं चित्र दोन पावसाळ्यांत पोपडे धरतं, आणि पोपडे धरलेला हसरा ससा कोऱ्या भिंतीपेक्षा केविलवाणा दिसतो. रंग पुसता येणारा, पाण्यात मिसळणारा आणि कमी वासाचा घ्या. पेशंट असताना वॉर्ड रंगवू नका. दमेकऱ्याला रंगाचा वासही पुरतो.

काय काढावं, काय टाळावं

चित्रकाराला जे गूढ वाटतं ते तापानं फणफणलेल्या माणसाला भीतीदायक वाटू शकतं. स्वीडनमध्ये उप्साला इथं हृदयाच्या ऑपरेशननंतरच्या रुग्णांसमोर वेगवेगळी चित्रं ठेवून पाहिली. झाडं आणि पाणी असलेल्या मोकळ्या दृश्यानं त्यांची चिंता कमी झाली, पण सरळ रेषांच्या अमूर्त चित्रानं काहींची अस्वस्थता उलट वाढली. तेव्हा आपला प्रायोगिकपणा प्रदर्शनासाठी राखून ठेवावा.

आपल्याकडे आणखी एक चाळणी लावावी लागते. मावळता सूर्य, एकटी होडी, रिकामी खुर्ची, निष्पर्ण झाड, लांब जाणारा निर्मनुष्य रस्ता हे कॅलेंडरवर शोभतं, वॉर्डात नाही. कावळा तर अजिबातच नको. दहाव्याच्या घाटावरची आठवण बहुतेक मराठी घरांत असते. देवाचा फोटो कुणाला धीर देतो, पण सार्वजनिक वॉर्डात शेजारच्या खाटेवरचा माणूस वेगळ्या श्रद्धेचा असू शकतो. तो फोटो उशाशी किंवा खिशात असू द्यावा, भिंत सगळ्यांची ठेवावी.

मग काय काढावं? त्या गावाचं ओळखीचं, पिकतं-खेळतं जग. भाताची खाचरं, बाजाराचा दिवस, एसटीचा थांबा, नदीवर पोहणारी पोरं. चित्रात शोधायला काहीतरी ठेवा. बाजारात कुठेतरी लपलेलं मांजर असलं, तर सलाईन संपायची वाट पाहणाऱ्या मुलाचा अर्धा तास जातो, त्याच्या आईचाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी शोधग्रामचा दवाखाना उभारताना आधी आदिवासींना विचारलं, तुम्हाला कसा दवाखाना हवा? मोठ्या इमारतींची भीती वाटते, हे कळल्यावर त्यांच्या घरांच्या धर्तीवर बैठ्या कुट्या बांधल्या आणि दवाखान्याला नाव दिलं ते त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं. भिंत रंगवणाऱ्यानं हा धडा घ्यावा. मंडळाच्या बैठकीत चित्र ठरवण्याआधी दहा पेशंटना, दोन मावशींना आणि रात्रपाळीच्या सिस्टरना विचारा. त्या भिंतीकडे सर्वांत जास्त वेळ तेच पाहणार आहेत.

गोळी कधी घ्यायची, ते सांगणारं चित्र

केसपेपरवर डॉक्टर लिहितात १-०-१. लिहिणाऱ्याला ते स्पष्ट असतं. घरी गेलेल्या आजीला मात्र त्यातलं शून्य दुपारचं की संध्याकाळचं, हे आठवत नाही. इथे चित्र उपयोगी पडतं, पण तेही तपासून घ्यावं लागतं.

उगवता आणि मावळता सूर्य कागदावर सारखेच दिसतात. चंद्रकोर पाहून कुणाला रात्र आठवेल, कुणाला ईद, कुणाला संकष्टी. म्हणून वेळ आकाशावरून दाखवण्यापेक्षा दिनक्रमावरून दाखवा: सकाळला चहाचा कप, दुपारला जेवणाचं ताट, रात्रीला अंथरूण. जेवणाआधी की नंतर, हे त्याहून अवघड. रिकामं ताट म्हणजे अजून जेवायचंय की जेवून झालं? दोन्ही अर्थ निघतात. त्याऐवजी क्रमानं दोन चित्रं काढा: आधी गोळी, मग बाण, मग भरलेलं ताट. किंवा उलट. बाण कुणीकडून वाचायचा हेही एकदा बोट फिरवून दाखवा.

गोळीचं चित्र खऱ्या गोळीच्या आकाराचं आणि रंगाचं असावं. पण कंपनी बदलली की रंगही बदलतो, म्हणून दर वेळी औषध दुकानातून आणलेली स्ट्रिप चित्राशेजारी ठेवून पाहायला सांगा. अर्धी गोळी असेल तर अर्धीच काढा, ½ असं लिहू नका. शेवटी "कळलं ना?" असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी "हो" असतं. "आजी, घरी गेल्यावर सुनेला कसं सांगाल, मला दाखवा बरं," असं म्हणा. चूक झाली तर ती चित्राची समजा आणि चित्र बदला.

रंगाचंही भान ठेवा. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना निळ्या-जांभळ्या छटा वेगळ्या दिसत नाहीत, आणि काही पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक जन्मतःच कळत नाही. म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नका, आकारही वेगळा ठेवा. भिंतीवरचं वाक्य दहा फुटांवरून वाचायचं असेल तर अक्षर निदान एक इंच उंच हवं. वाक्य एकच. दहा सूचनांच्या फ्लेक्सवरची एकही कुणी वाचत नाही.

गावात सांगताना: चित्रकथीची रीत

सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजानं चित्रकथीची परंपरा जपली आहे. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो, गातो, सांगतो, आणि प्रसंग संपला की पुढचं चित्र घेतो. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आरोग्याच्या गोष्टी सांगायला याहून चांगला नमुना शोधायला नको.

जुलाब झालेल्या बाळाची गोष्ट घ्या. सहा-आठ कार्डशीट पुरतात. एका चित्रात एकच गोष्ट: बाळ मलूल पडलंय, आई हात धुतेय, लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसची पुडी सोडतेय, वाटी-चमच्यानं पाजतेय, अंगावरचं दूध चालूच ठेवलंय, आणि डोळे खोल गेलेल्या बाळाला घेऊन रिक्षा दवाखान्याकडे निघालीय. आपलं टिपण चित्राच्या मागच्या बाजूला लिहा, म्हणजे चित्राचं तोंड सतत समोर बसलेल्या बायकांकडे राहतं. आणि आधी विचारा, "यात काय चाललंय?" त्या सांगतील, तिथून गोष्ट पुढे न्या.

आरोग्यशिक्षणात एक जुना किस्सा सांगतात. हातभर मोठी माशी काढलेला तक्ता पाहून गावकरी म्हणाले, बरं झालं, आमच्याकडे एवढ्या मोठ्या माश्या नाहीत! किस्सा खरा असो-नसो, डासाची अळी दाखवताना तक्त्याशेजारी काचेच्या ग्लासात खरी अळी ठेवा. फुलीचंही तसंच. तंबाखूच्या पुडीवर लाल फुली मारली तरी डोळ्यांत राहते ती पुडी. टाळायचं ते दाखवून वर काट मारण्यापेक्षा करायचं ते दाखवावं.

साधी खूण मोठं काम करते, याची उदाहरणं आपल्या घरातच आहेत. १९६० च्या दशकातला कुटुंब नियोजनाचा उलटा लाल त्रिकोण निरक्षरालाही वाचता येत होता. अंगणवाडीताईंकडची दंडघेर मोजायची पट्टी हीसुद्धा एक चित्रच आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर खूण लालवर येते, १२.५ पर्यंत पिवळ्यावर, त्यापुढे हिरव्यावर. आईला आकडा सांगू नका, पट्टी तिच्या हातात द्या आणि रंग तिलाच सांगू द्या.

पेशंटला बोलतं करणारं चित्र

आतापर्यंत चित्र आपल्याकडून पेशंटकडे गेलं. उलट दिशेनंही ते जातं. "कसं दुखतंय?" या प्रश्नाला आपल्याकडे फार देखणी उत्तरं आहेत: ठणका, कळ, चमक, आग, मुंग्या, टोचणी, भरून येणं. घाईच्या ओपीडीत मात्र केसपेपरवर फक्त "पाय दुखतो" एवढंच उरतं.

एका कागदावर माणसाच्या शरीराची बाह्यरेषा काढा, एक पुढून आणि एक पाठमोरी. झेरॉक्स काढून बाकड्यावर ठेवा, सोबत चार रंगीत पेन्सिली. आग होते तिथे लाल, मुंग्या येतात तिथे ठिपके, ठणका तिथे आडव्या रेघा, बधिरपणा तिथे काळं. डॉक्टरांकडे आत जाईपर्यंत निम्मी हकिकत कागदावर आलेली असते. बायकांना जे तोंडानं सांगायला संकोच वाटतो, तेही पेन्सिलीनं दाखवता येतं. मात्र तो कागद केसपेपरचाच भाग आहे. बाकड्यावर उघडा टाकू नका.

मुलांसाठी चेहऱ्यांची पट्टी असते. अमेरिकेत डोना वाँग आणि कॉनी बेकर यांनी १९८० च्या दशकात केलेली सहा चेहऱ्यांची पट्टी जगभर वापरतात. एका टोकाला हसरा, दुसऱ्या टोकाला रडवेला. वापरताना एक सांगायला विसरू नका: "तू खूश आहेस की नाही हे नाही विचारत, किती दुखतंय ते दाखव." नाहीतर आई दिसली म्हणून हसणारं पोर हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवतं आणि वेदनेची नोंद शून्य होते.

पेशंटच्या हातात रंग

एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार क्षयानं आजारी पडून सॅनटोरियममध्ये दाखल झाला. तिथे त्यानं स्वतः चित्रं काढली, मग इतर रुग्णांनाही काढायला लावली आणि १९४२ साली या कामाला "आर्ट थेरपी" हा शब्द दिला. आज हा प्रशिक्षण घेऊन करायचा व्यवसाय आहे. आपण करतो ती सोबत, थेरपी नव्हे. सोबतीसाठी रंगांचा डबा पुरतो, पण आजारानुसार तो डबा बदलतो.

• डायलिसिस: आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास, आणि फिस्टुलाचा (सुया टोचलेला) हात हलवायचा नाही. म्हणून एका हातानं होईल असं काम द्या. कागद क्लिपनं पॅडला लावलेला, खडू झाकण नसलेले.

• केमोथेरपी: वासानं मळमळतं, तेव्हा टर्पेंटाइन, ऑइलपेंट आणि स्पिरिटचे मार्कर बाद. बोटं बधिर होत असतील तर खडूला कापडाची पट्टी गुंडाळून जाड करा. प्लेटलेट कमी असतील तर कात्री, कटर, शार्पनर दूर ठेवा, कागद हातानं फाडून चिकटवता येतो. फ्रेंच चित्रकार आंरी मातिस १९४१ सालच्या मोठ्या ऑपरेशननंतर बराचसा काळ खाटेवर आणि चाकाच्या खुर्चीत होता, तेव्हा त्यानं कागद रंगवून कापायला घेतले. त्याच्या अखेरच्या काळातलं मोठं काम त्या कपट्यांचंच आहे.

• पक्षाघात: उजवा हात गेला असेल तर डाव्या हातानं काढलेली वाकडी रेघ पाहून माणूस खट्टू होतो. सरळ वस्तू काढायला सांगू नका. ठसे द्या: भेंडीचे, कांद्याचे, बोटांचे. ठसा चुकत नाही.

• विस्मरण: जुना फोटो दाखवून "ओळखा पाहू हे कोण?" ही परीक्षा घेऊ नका. "काय चाललंय इथे?" असं विचारा. या प्रश्नाचं कुठलंही उत्तर बरोबरच असतं.

• लहान मूल, ऑपरेशनच्या आधी: बाहुलीच्या पोटावर स्केचपेननं टाके काढू द्या, सलाईनची पट्टी चिकटवू द्या. किंवा नुसतं ओरिगामी. डॉक्टरकीचं शिक्षण घेतलेले आपले लेखक अनिल अवचट मुलांत बसून कागदाच्या घड्या घालत. या खेळाला कागदाखेरीज काही लागत नाही आणि तो गादीवरही होतो.

संसर्गाचं पथ्य पाळा. प्रत्येकाला वेगळे खडू द्या आणि ते त्यालाच घरी नेऊ द्या. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांच्या खोलीत माती, शाडू, ओली पानं-फुलं नेऊ नका. जेवणाच्या आणि राउंडच्या वेळा सोडा. आणि "नको" म्हणणाऱ्याला "अहो, करून तर बघा" असा आग्रह करू नका. वॉर्डात पेशंटला "नको" म्हणता येईल अशा गोष्टी फार थोड्या असतात. सुईला तो नाही म्हणू शकत नाही, निदान खडूला म्हणू द्या.

चार गोष्टी टाळा

पेशंटच्या चित्राचा अर्थ लावू नका. काळा रंग घेतला म्हणजे माणूस खचलाय असं नसतं, कधी डब्यात तेवढाच खडू धड असतो. चित्रातून किंवा बोलण्यातून जीव देण्याची भाषा आली, तर मात्र तिथेच थांबा आणि लगेच डॉक्टरांना सांगा. चित्रांचे, पेशंटचे फोटो विचारल्याशिवाय स्टेटसला ठेवू नका. खाटेला खिळलेल्या माणसाला "फोटो काढू का?" असं चारचौघांत विचारणं हेही विचारणं नव्हे. स्पर्धा आणि नंबर नकोत. आणि उद्घाटनाच्या बोर्डावर देणगीदारांची नावं चित्रापेक्षा मोठी नसावीत. पेशंटनं आठ दिवस ती का वाचावीत?

सुरुवात छोटी करा. एक खाट, एक चित्र, एक महिना. महिन्यानंतर त्या खाटेवरच्या माणसाला विचारा, बदलू का? चित्र बदलणं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे.

वडिलांसमोरचा तो तक्ता आम्ही सिस्टरना विचारून काढून ठेवला. त्या जागी काय हवं, विचारल्यावर ते म्हणाले, "आपलं मागचं दार." मी वहीच्या कागदावर पेन्सिलीनं काढलं: दार, तुळस, पायऱ्या, नळाखालची बादली. चिकटपट्टीनं समोर लावलं. दोन दिवस फारसं न बोललेला माणूस उशी मागून घेऊन अर्धवट उठून बसला आणि म्हणाला, "खालच्या पायरीचा कोपरा फुटलाय. तू अख्खी काढलीस." मी खोडरबर घेतलं आणि पायरी फोडायला बसलो. कुठून, किती, ते खाटेवरून बोटानं दाखवत राहिले.